पानाचा व्यवहार : प्रस्तावना

झाडाचे पान सहसा अर्धा मिलिमीटरही जाड नसते. एवढ्या जाडीत पेशींचे काही मोजके थर बसतात, आणि त्या थरांमध्ये दिवसभर जे घडते त्यावर आपला प्रत्येक घास अवलंबून असतो. ताटात भात असो, भाकरी असो की मासा, त्यातली ऊर्जा कधी ना कधी कुठल्या तरी हिरव्या पेशीने सूर्यप्रकाशातून मिळवलेली असते. असे असूनही शाळेच्या पुस्तकात पानाच्या वाट्याला दोन आकृत्या आणि दहा-बारा नावे येतात. देठ, पर्णपत्र, मध्यशीर, पर्णरंध्रे, हरितलवके. विद्यार्थी आकृती काढतो, नावे देतो, गुण मिळवतो. पान असे का आहे, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिले आहे.

पानाची रचना आणि पानाचे काम ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत, हे मला या पुस्तकात सांगायचे आहे. पानाला एकाच वेळी परस्परविरोधी गरजा भागवाव्या लागतात. प्रकाश हवा म्हणून ते रुंद असावे लागते, पण रुंद पान उन्हात तापते आणि वाऱ्यात फाटते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पृष्ठभागावर छिद्रे हवीत, पण त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. पानाचा प्रत्येक भाग या ओढाताणीतून काढलेला मार्ग आहे. पाऊस, ऊन, माती, सावली बदलली की मार्ग बदलतो, आणि म्हणूनच कमळाचे पान तिवराच्या पानासारखे नसते.

या ओढाताणीचा हिशेब आधी मांडतो. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार भाग असतात. पानाला साखर बनवायला लागणारा सगळा कार्बन एवढ्या विरळ साठ्यातून वेचायचा असतो. उलट पानाच्या आतली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते आणि बाहेरची त्यामानाने कोरडी. त्यामुळे रंध्र उघडले की आत येणाऱ्या वायूच्या मानाने बाहेर जाणारी वाफ कितीतरी पट जास्त असते. एक किलो कोरडे वजन वाढवायला भातासारख्या पिकाच्या पानांतून काही शे लिटर पाणी उडून जाते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी अशा रीतीने हवेत जाते. ते सगळे वाया जाते असे नाही. या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीनेच पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतात, आणि वाफ होताना पान थंड राहते.

आता पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. सर्वांत वर मेणासारख्या पदार्थाचा पाणी न झिरपू देणारा थर असतो. त्याखाली अपित्वचा, म्हणजे पारदर्शक पेशींचा थर. या पेशींत बहुधा हरितलवके नसतात, त्यामुळे प्रकाश अडत नाही. त्याखाली उभ्या, लांबट पेशी खांबांसारख्या दाटीने उभ्या असतात, आणि बहुतेक हरितलवके यांच्यात असतात. आणखी खाली वेड्यावाकड्या आकाराच्या, एकमेकींपासून सुट्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या. पानाची वरची बाजू गर्द आणि खालची फिकट का दिसते, याचे कारण बऱ्याच अंशी या मांडणीत आहे. पोकळ्यांमुळे आणखी एक गोष्ट साधते. पानाच्या आत हवेला लागून असलेल्या पेशींचा एकूण पृष्ठभाग बाहेरून दिसणाऱ्या पानाच्या क्षेत्रफळाच्या कितीतरी पट भरतो. विरळ वायू टिपायला एवढे क्षेत्र लागतेच.

या थरांतून शिरा जातात. प्रत्येक शिरेत पाणी आणणाऱ्या जलवाहिन्या आणि साखर घेऊन जाणाऱ्या रसवाहिन्या शेजारी शेजारी असतात. मोठ्या शिरेपासून लहान शिरा फुटत इतक्या बारीक होतात की पानातली कुठलीही हिरवी पेशी पाण्यापासून फार लांब राहत नाही. शिरा पानाला ताठही ठेवतात. आंब्या-पिंपळाच्या पानात त्यांचे जाळे असते. केळीच्या पानात त्या मध्यशिरेपासून कडेपर्यंत समांतर धावतात, म्हणून वादळात ते पान शिरांच्या मधोमध फाटत जाते आणि त्या फाटण्यामुळे वाऱ्याचा दाब कमी होऊन पानाचा दांडा वाचतो.

आणि रंध्रे. वड, पिंपळ, आंबा यांच्या पानांवर ती फक्त खालच्या बाजूला असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही अंगांना एकेक रक्षक पेशी असते. उजेड पडला की या पेशींत पोटॅशियमचे आयन शिरतात, त्यांच्यामागोमाग पाणी येते, पेशी फुगतात आणि बाहेरच्या बाजूला वाकून मधली फट उघडतात. पाणी कमी पडू लागले की आयन बाहेर जातात, पेशी सैल पडतात, फट मिटते. सगळी रंध्रे उघडी असताना त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ पानाच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. उन्हाळ्यात भरदुपारी घराची दारे-खिडक्या लोटून घेणाऱ्या गृहिणीसारखा हा निर्णय प्रत्येक पान रोज घेते. फरक एवढाच की दार बंद केले की स्वयंपाकही थांबतो.

हे सगळे कोलकात्यात बसून का लिहावे, असे मराठी वाचक विचारील. भारतात पानाचा अभ्यास ज्या शहरात सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत खोल झाला, ते हे शहर आहे. १७८७ साली रॉबर्ट किड यांच्या सूचनेवरून हुगळीच्या पश्चिम काठावर, शिबपूरला, ईस्ट इंडिया कंपनीची वनस्पती-बाग उभी राहिली. १७९३ पासून जवळजवळ दोन दशके विल्यम रॉक्सबर्ग तिचे अधीक्षक होते. त्यांनी भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची चित्रे काढून घेतली. पानाची कड दातेरी आहे की सलग, शिरा कुठे फुटतात, देठाशी उपपर्णे आहेत का, हे त्या चित्रांत नेमके उतरले आहे. आज त्याच आवारातल्या केंद्रीय वनस्पतिसंग्रहालयात वाळवून कागदावर लावलेले सुमारे वीस लाख नमुने आहेत. फूल-फळ झडून गेलेल्या झाडाची ओळख पटवताना पानाचा पुरावा किती मोलाचा ठरतो, हे असा संग्रह चाळल्याशिवाय कळत नाही.

या बागेला आता आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे. तिथला महावटवृक्ष बहुतेक प्रवाशांनी पाहिलेला असतो. १९२५ साली त्याचे मुख्य खोड बुरशीमुळे काढून टाकावे लागले, तरी पारंब्यांच्या आधारावर तो पसरतच राहिला. माझी विनंती आहे की तिथे गेल्यावर कृष्णवटाकडेही पाहावे. वडाचाच हा प्रकार, पण याच्या पानाच्या बुडाशी कडा जुळून पेला तयार होतो. बालकृष्ण या पेल्यात लोणी ठेवीत असे, अशी लोकांत कथा आहे. वनस्पतिशास्त्राने त्याला कृष्णाचेच नाव दिले आणि १९०१ साली कासिमिर द कँदोल यांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. पुढच्या अभ्यासकांनी तो वडाचाच एक प्रकार मानला. कळीच्या अवस्थेत पानाच्या कडा कुठे आणि कशा वाढतात यात थोडासा बदल झाला, तर सपाट पानाचे भांडे होऊ शकते, याचा हा जिवंत दाखला आहे.

बागेच्या तळ्यात अमेझॉनची महाकमळे आहेत. त्यांची पाने दोन मीटरपर्यंत रुंद होतात, कडा परातीसारख्या वर वळलेल्या असतात आणि खालून जाड, काटेरी शिरांचा सांगाडा असतो. पाण्यावर तरंगणाऱ्या पानाची खालची बाजू कायम पाण्यात, म्हणून याची रंध्रे वरच्या बाजूला. वडाच्या पानावर जे खाली, ते इथे वर. नियम एकच आहे की रंध्र हवेच्या बाजूला असावे. जागा बदलली की रचना उलटते. याच भागातल्या साध्या डबक्यात वाढणारी हायड्रिला त्याहून पुढे जाते. ती पूर्ण बुडालेली असल्याने तिच्या पानाला रंध्रेच नसतात, मेणाचा थर नावापुरता असतो आणि पान अवघ्या दोन पेशींच्या जाडीचे असते. पाण्यात विरघळलेला वायू ती अंगभर शोषते.

कोलकात्याच्या दक्षिणेला सुंदरबनात गेलो की अडचण वेगळी होते. पाणी भरपूर आहे, पण खारे. तिथला तिवर पानातल्या सूक्ष्म ग्रंथींमधून मीठ बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे कण चमकताना दिसतात. हाच तिवर ठाण्याच्या आणि रत्नागिरीच्या खाड्यांतही आहे, त्यामुळे कोकणातल्या वाचकाला हे घराजवळ तपासता येईल. शहरात परतलो की रस्त्याकडेचा पिंपळ भेटतो. त्याच्या पानाचे टोक लांब शेपटीसारखे निमुळते असते आणि त्यावरून पावसाचे पाणी लवकर निथळून जाते. वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या शहरात ओल्या पानावर बुरशी-शेवाळ धरायला वेळ लागत नाही, तेव्हा असे टोक कामाचे आहे.

मुंबई-पुण्याच्या ठेल्यांवर 'कलकत्ता' म्हणून मिळणाऱ्या विड्याच्या पानाबद्दलही या पुस्तकात एक प्रकरण आहे. बंगालमध्ये नागवेल 'बरज' नावाच्या मांडवात वाढवतात. बांबू, काटक्या, गवत यांनी वरून आणि बाजूंनी झाकलेला हा मांडव आत कोवळी सावली आणि दमट हवा राखतो. आपल्याकडे मिरज भागातल्या पानमळ्यांत हेच काम शेवरी, शेवगा, पांगारा ही झाडे करतात. सावलीत वाढलेले पान उन्हातल्या पानापेक्षा रुंद, पातळ आणि मऊ होते, कारण प्रकाश कमी असताना जाड थर बांधण्यापेक्षा क्षेत्र वाढवणे फायद्याचे असते. बरजवाल्याला हे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातून कळलेले नाही; पिढ्यान्‌पिढ्या तो सावलीची जाडी कमी-जास्त करून पानाचा पोत ठरवत आला आहे. त्याच्या ज्ञानाला मी या विषयाचा पाया मानतो.

या पुस्तकाचे सर्वांत मोठे प्रकरण पानफुटीवर आहे, आणि त्याचे कारण सांगायला हवे. ही मूळची मादागास्करची वनस्पती. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती मोलुक्का बेटांवरून कोलकात्याच्या बागेत आली आणि भारतभर पसरली. तिच्या पानाच्या खाचांतून नवी रोपे फुटतात, हे आपल्या अंगणात सर्वांनी पाहिलेले आहे. पण १८१५ साली छापलेल्या एका पत्रात भारतात काम करणारे वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली: हे पान सकाळी आंबट लागते, दुपारी त्याला चव राहत नाही आणि संध्याकाळी ते कडवट होते. चवीवरून केलेल्या या निरीक्षणाचा अर्थ लागायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला. पानफुटी दिवसा रंध्रे बंद ठेवते, रात्री थंड हवेत उघडते, आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा तो मोकळा करून साखर बनवते. रंध्र उघडण्याची वेळ आणि साखर बनवण्याची वेळ वेगळी केली की पाण्याचा खर्च एकदम घटतो. पानाच्या मुख्य अडचणीवरची ही अत्यंत देखणी तोड आहे.

दुसरी तोड आपल्या शेतांत आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्या पानांत शिरेभोवती मोठ्या, हरितलवकांनी भरलेल्या पेशींचे वेष्टन असते. बाहेरच्या पेशी कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात बांधतात आणि आतल्या वेष्टनात तो मोकळा करतात. हा मार्ग १९६०च्या दशकात उसाच्या पानात उलगडला. हॅच आणि स्लॅक ही नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. उष्ण, कोरड्या रानात ज्वारी तग धरते आणि भाताला मात्र पाणी लागते, याचे एक कारण पानाच्या या बांधणीत आहे. भाताच्या पानात अशी दोन पायऱ्यांची सोय नाही. मराठवाड्याची भाकरी आणि बंगालचा भात यांच्यातले अंतर सूक्ष्मदर्शकाखालीही दिसते.

आणि इथेच बोसांकडे यावे लागते. जगदीशचंद्र बोस (१८५८–१९३७) यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिर स्थापन केले. लाजाळूच्या पानाला स्पर्श केला की देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशींतून पाणी निघून जाते आणि पान खाली पडते. हा संदेश पानातून किती वेगाने जातो, ते त्यांनी स्वतः घडवलेल्या यंत्रांनी मोजले. डेस्मोडियम गायरन्स या झुडपाच्या दोन छोट्या पर्णिका उबदार हवेत दर काही मिनिटांनी आपोआप खाली-वर होतात. त्या लयीचे आलेख त्यांनी काढले. वनस्पतीत विजेचे संकेत धावतात, हे त्यांचे म्हणणे त्या काळी अनेकांना पटले नाही. वनस्पतीला प्राण्यासारखी मज्जासंस्था असते, एवढ्यापर्यंत आजचे विज्ञान जात नाही. पण जखमेची वार्ता पानातून विद्युत आणि कॅल्शियमच्या संकेतांनी जाते, हे आता प्रस्थापित आहे. लाजाळूतही असेच संकेत असतात आणि पाने मिटल्याने कीटकांचे खाणे कमी होते, हे जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले.

बोसांच्या या कामाइतकी प्रसिद्धी त्यांच्या हायड्रिलावरच्या कामाला मिळाली नाही, याची मला खंत आहे. प्रकाशसंश्लेषण चालू असताना हायड्रिला ऑक्सिजनचे बुडबुडे सोडते. प्रत्येक बुडबुड्याची नोंद आपोआप कागदावर उमटेल असे यंत्र त्यांनी बनवले. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलापेक्षा वेगळी वागते आणि मॅलिक आम्लाचा उपयोग करून घेते, हे त्यांनी १९२४ साली 'द फिजिऑलॉजी ऑफ फोटोसिंथेसिस' या ग्रंथात मांडले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिद्ध झाले की तापलेल्या, वायू कमी झालेल्या पाण्यात हायड्रिला खरोखरच चार कार्बनच्या मार्गाकडे वळते, आणि तेही उसासारखे पेशींचे वेष्टन नसताना. कोलकात्याच्या पाण्यातल्या एका साध्या वनस्पतीने जे दाखवले, ते पाहायला बोसांचे यंत्र आणि ऋतू बदलला की पुन्हा मोजण्याची त्यांची चिकाटी लागली.

बसू विज्ञान मंदिर ज्या रस्त्यावर आहे, तो जुना अपर सर्क्युलर रोड. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ साली शहराभोवती खणलेला 'मराठा खंदक' पुढे बुजवून सर्क्युलर रोड तयार झाला. त्याच शहरात विसाव्या शतकात मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) कलकत्ता विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनाचे प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्थानबद्ध असतानाही त्यांनी अभ्यास सोडला नाही आणि १९१९ साली बर्लिनची डॉक्टरेट घेतली. कोलकात्यात विद्यार्थी घडवून ते १९४६ मध्ये पुण्यात आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे पहिले संचालक झाले. तिची संशोधन संस्था १९९२ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. महेंद्रलाल सरकारांनी १८७६ साली कोलकात्यात विज्ञानवर्धनासाठी संस्था काढली होती. तसे काही महाराष्ट्रात असावे, ही आघारकरांची तळमळ होती. मराठीतून वनस्पतिशास्त्र लिहिणाऱ्या माझ्यासारख्यावर हे त्यांचे ऋण आहे.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल थोडेसे. पहिल्या भागात पानाचे थर, शिरा, रंध्रे आणि हरितलवके येतात. दुसऱ्या भागात एकेक वनस्पती घेऊन तिची अडचण आणि तिने काढलेला मार्ग सांगितला आहे. तिसऱ्या भागात पानाचा शेवट येतो: पान गळण्याआधी झाड त्यातले नायट्रोजनसारखे मोलाचे द्रव्य परत ओढून घेते, देठाच्या बुडाशी विलग होणारा थर तयार करते आणि मगच पान सोडते. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस घरी करता येतील असे प्रयोग दिले आहेत. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावून वाळू द्यावे आणि चिकटपट्टीने अलगद उचलावे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रांचे ठसे मोजता येतात. पानफुटीचे पान पहाटे आणि संध्याकाळी ठेचून लिटमस कागदाने तपासावे. ते चाखू मात्र नये, कारण त्यात विषारी द्रव्ये असतात. रस्त्याकडेच्या धूळभरल्या झाडाचे आणि बागेतल्या त्याच जातीच्या झाडाचे पान शेजारी ठेवून पाहावे. हिवाळ्यात आपल्या शहरांतल्या पानांवर किती धूळ बसते आणि ती प्रकाश कसा अडवते, हे त्यातून दिसते.

हे ज्ञान परीक्षेपुरते नाही. रस्त्यावर कोणते झाड लावायचे, शेतात कोणते पीक घ्यायचे, खाडीतला तिवर तोडायचा की राखायचा, हे निर्णय आपण सगळे मिळून घेतो आणि बहुतेक वेळा पानाला न विचारता घेतो. हवा तापत चालली आहे आणि पावसाचे वेळापत्रक बिघडत आहे. अशा वेळी पाण्याचा खर्च आणि कार्बनची कमाई यांचा मेळ कोणती वनस्पती कशी घालते, हे नागरिकाला माहीत असले पाहिजे, कारण सावली, धान्य आणि पाणी यांचा हिशेब शेवटी तिथेच लागतो. हे पुस्तक वाचून एखाद्या शाळेने आपल्या आवारातल्या झाडांच्या पानांची नोंदवही सुरू केली, एखाद्या ग्रामपंचायतीने झाड निवडण्याआधी त्याच्या पानाचा विचार केला, तर लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.